व्यायल्यानंतर पिशवीत (गर्भाशयात) पू, कमी पडलेली प्रतिकारशक्ती आणि उलटणारी गाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण दोन वेळी येतात. गाय व्यायल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत "वास मारतोय" म्हणून, आणि मग तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "उलटतेय" म्हणून, म्हणजे भरवूनही गाभण न राहता परत माजावर येतेय. बऱ्याचदा ही एकच गाय असते, फक्त विचारणाऱ्याने मधला आजार विसरून टाकलेला असतो. यावरचं बहुतेक संशोधन वेल्स-इंग्लंड, अमेरिका, कॅनडा इकडचं आणि होल्स्टीन गायींवरचं आहे. आपल्या एचएफ क्रॉसला (होल्स्टीनच्या संकरित गायींना) त्यातलं बरंच लागू पडतं, पण गीर-खिल्लारला किंवा म्हशीला तिकडचे आकडे जसेच्या तसे लावू नका. आणि औषधाचा डोस इथे सापडणार नाही, तो गाय समोर बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. गाय व्यायल्यावर किती दिवस घाण पडणं नॉर्मल आहे?

साधारण दहा ते चौदा दिवस. सुरुवातीला लालसर-चॉकलेटी, मग घट्ट होत होत फिकट आणि शेवटी काचेसारखी चिकट धार, एवढा प्रवास दिसला तर काळजी नाही. व्यायल्या व्यायल्या पिशवी नऊ किलोच्या आसपास असते आणि महिनाभरात ती किलोभरावर येते, म्हणजे आतलं बरंच काही गळून बाहेर पडणारच. आतून पूर्ण भरून यायला मात्र दीड महिना धरा.

बिघाड ओळखायचा तो वासावरून आणि पातळपणावरून. पाण्यासारखं पातळ, लाल-तपकिरी आणि गोठ्यात शिरताच नाकाला झोंबणारी कुजकी घाण असेल तर ते नॉर्मल नाही. सकाळी गाय उठली की ती बसलेल्या जागी मागे काय पडलंय ते बघा, आणि शेपटीच्या आतल्या बाजूला वाळलेली खपली आहे का तेही बघा. दिवसभर उभ्या गायीत काही दिसत नाही, रात्री बसल्यावर पोटाचा दाब येतो आणि सगळं बाहेर पडतं.

२. जंतू सगळ्याच गायींच्या पिशवीत जातात म्हणे, मग माझीच गाय का आजारी पडली?

बरोबर ऐकलंय. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्याच गायींच्या पिशवीत जंतू सापडतात, स्वच्छ गोठ्यातल्याही. तरी त्यातल्या बहुतेक गायी काहीही औषध न देता साफ होतात. गोठ्यागोठ्यात फरक पडतो, पण होल्स्टीनमध्ये ४० टक्क्यांपर्यंत गायींना सुरुवातीचा आजार होतो आणि २० टक्क्यांच्या आसपास गायींत तीन आठवड्यांनंतरही पू राहतो.

फरक जंतूंपेक्षा गायीच्या प्रतिसादात आहे. पिशवीच्या आतल्या अस्तराच्या पेशी स्वतःच पहारेकरी असतात. त्यांच्यावर टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर असतो, तो ई. कोलाय या जंतूच्या भिंतीतलं विष, ज्याला एलपीएस म्हणतात, ते ओळखतो, मग आयएल-६, आयएल-८ असे निरोप सुटतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिकडे धावतात. हे सगळं वेळेवर झालं आणि वेळेवर थांबलं तर गाय सुटली. उशिरा झालं किंवा थांबलंच नाही तर पू. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठातले मार्टिन शेल्डन यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलंय आणि ते यात अजून एक गोष्ट धरतात, ती म्हणजे जंतू मारण्याइतकंच त्यांच्या विषाने होणारं नुकसान सहन करून दुरुस्त करणं. दोन गायींत जंतू तेवढेच असले तरी एकीचं अस्तर टिकतं आणि दुसरीचं सोलून निघतं.

न्यूट्रोफिल ढिले का पडतात ते सहाव्या प्रश्नात आहे.

३. मेट्रायटिस, एंडोमेट्रायटिस, पायोमेट्रा… डॉक्टर दर वेळी वेगळं नाव सांगतात, फरक काय?

२००६ मध्ये शेल्डन आणि इतरांनी मिळून या व्याख्या नीट बांधल्या, त्याआधी प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने बोलत होता आणि एकाचा अभ्यास दुसऱ्याशी जुळत नव्हता.

मेट्रायटिस म्हणजे पिशवीच्या भिंतीची सूज, पहिल्या २१ दिवसांत, जास्त करून पहिल्या दहात. पिशवी मोठी, पातळ दुर्गंधी स्राव, सोबत ताप (३९.५ सेल्सिअस, म्हणजे १०३ फॅरनहाइटच्या वर), दूध उतरलेलं, गाय मलूल. हा जिवावर बेतू शकतो.

एंडोमेट्रायटिस म्हणजे फक्त आतल्या अस्तराची सूज, २१ दिवसांनंतर. गाय खाते-पिते, दूध देते, पण सोटात (मागून येणाऱ्या चिकट स्रावात) पांढरा-पिवळा पू. म्हणूनच लोक याकडे दुर्लक्ष करतात.

सबक्लिनिकल म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त तपासणीत सूज सापडते (तपासणी अकराव्या प्रश्नात).

पायोमेट्रा म्हणजे पिशवीत पू साठलेला, तोंड बंद आणि बीजकोषावर पिवळा पिंड म्हणजे सीएल तसाच बसलेला. अशी गाय माजावर येत नाही आणि मालक खूश असतो की गाभण राहिली. तीन महिन्यांनी तपासणीला हात घातला की कळतं.

४. हे जंतू नेमके कोणते? गोठा फिनाईलने रोज धुतो तरी येतात

पहिल्या दिवसांत ई. कोलाय, मग त्याने केलेल्या वाटेवरून ट्रूपेरेला पायोजिनीस, आणि सोबत हवा नको असलेले फ्युजोबॅक्टेरियम, बॅक्टेरॉइडीस, पॉर्फिरोमोनास वगैरे. आधी प्लेटवर जे उगवायचं तेवढंच कळायचं, आता डीएनए वाचून बघतात तेव्हा हे हवा नको असलेलेच फार दिसतात.

यातला ट्रूपेरेला खरा त्रासदायक. तो पायोलायसिन नावाचं विष सोडतो, ते पेशीच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटून आवरणाला भोकं पाडतं. अस्तराच्या वरच्या पेशी त्याला बऱ्यापैकी तोंड देतात, खालच्या स्ट्रोमा पेशी पटापट फुटतात. व्यायल्यावर वरचा थर सोललेला असतो, म्हणजे खालचा थर उघडाच, म्हणून याच काळात त्याचं फावतं. प्रयोगशाळेत पेशींमधलं कोलेस्टेरॉल कमी केलं तर त्या वाचतात हे स्वान्सीत दाखवलंय, पण ते काचेच्या ताटलीत, त्यावरून गायीला काही खाऊ घालायला जाऊ नका.

फिनाईलने धुणं चांगलंच, पण हे जंतू गायीच्या शेणात आणि कातडीवर असतातच. व्यायची जागा कोरडी ठेवणं आणि वासरू ओढताना हात-दोर स्वच्छ ठेवणं याचा उपयोग जास्त.

५. वार अडकलीय, गावातला माणूस हात घालून काढून देतो म्हणतो. काढू का?

नको. हाताने ओढून काढली की अस्तर फाटतं, तुकडे आत राहतात आणि वर सांगितलेला उघडा थर अजून उघडा होतो. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा, चोवीस तासांनंतर तर ती अडकलीच म्हणायची. लोंबणारा भाग पायात येत असेल तर तेवढा कापता येतो. त्याला वीट किंवा चप्पल बांधायची पद्धत अजून दिसते, ती बंद करा.

वार अडकणं हाही बराचसा प्रतिकारशक्तीचाच प्रश्न आहे, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. वार म्हणजे गायीच्या दृष्टीने परका अवयव, तो सुटायला तिच्या पांढऱ्या पेशींनी त्याला परका म्हणून ओळखून हल्ला करायला लागतो. अमेरिकेत आयोवातल्या एम्स इथे किमुरा, गॉफ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की ज्या गायींची वार पुढे अडकली त्यांच्या न्यूट्रोफिल पेशी व्यायच्या आधी दोन आठवड्यांपासूनच ढिल्या होत्या. म्हणजे वार अडकल्यामुळे गाय कमजोर झाली असं नाही, कमजोरी आधीच होती, वार हे पहिलं दिसलेलं लक्षण.

जुळं, अवघड प्रसूती, मिल्क फिव्हर, सेलेनियम-व्हिटॅमिन ई ची कमतरता ही कारणंही आहेतच. गाभ टाकून वार अडकली असेल तर आधी चौदावा प्रश्न वाचा, मग गायीला हात लावा.

६. व्यायल्यावर प्रतिकारशक्ती कमी का होते? टॉनिक, लिक्विड कॅल्शियम दिलं तर भरून निघेल का?

व्यायच्या आसपास गाय खाणं कमी करते आणि त्याच वेळी चीक-दुधाला ऊर्जा लागते. मग अंगावरची चरबी वितळते, रक्तात फॅटी ॲसिड आणि कीटोन वाढतात, साखर कमी पडते. न्यूट्रोफिल पेशीला जंतू गिळायला आणि जाळायला साखरेचाच साठा लागतो. त्यात कॅल्शियम दुधात निघून जातं, आणि पेशीला "हल्ला कर" हा इशारा पोचतो तो कॅल्शियमवरच. फ्लोरिडातल्या एका अभ्यासात (२०१२) पहिल्या तीन दिवसांत रक्तातलं कॅल्शियम १०० मिलीला ८.५९ मिलिग्रॅमच्या खाली गेलेल्या गायींना मेट्रायटिस जास्त झाला. या गायी खाली बसलेल्या नव्हत्या बरं का, उभ्या होत्या, चालत होत्या, बघून कुणाला शंकाही आली नसती.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा २००७ चा अभ्यास. पुढे ज्यांना जोराचा मेट्रायटिस झाला त्या गायी व्यायच्या दोन आठवडे आधीपासूनच कमी खात होत्या, गव्हाणीपाशी कमी वेळ उभ्या राहत होत्या आणि दुसऱ्या गायींशी भांडण टाळत होत्या. आपल्याकडे मुक्त गोठ्यात पहिलटकरू कालवडी मोठ्या गायींसोबत सोडतात, त्या बिचाऱ्या मागे उभ्या राहतात आणि मालक म्हणतो, वैरण तर भरपूर टाकली.

तर टॉनिकच्या बाटलीआधी हे बघा: आटवलेल्या गायीला वेगळी जागा, शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू खुराक, चांगला मुरघास किंवा वैरण, मिनरल मिक्स्चर, आणि गाय फार लठ्ठ होऊ न देणं. लठ्ठ गाय व्यायल्यावर सगळ्यात जास्त चरबी वितळवते. कॅल्शियम कमी पडायचा ज्या गायीला धोका आहे तिला ते दिल्याचा उपयोग होतो, सगळ्यांना सरसकट बाटल्या पाजून पिशवी साफ होत नाही.

७. थोडा वास आहे पण ताप नाही, खातेय. अँटिबायोटिक द्यायचंच का?

प्रत्येक वेळी नाही. ताप नसलेल्या, खाणाऱ्या बऱ्याच गायी आपोआप बऱ्या होतात. सेफ्टिओफर या अँटिबायोटिकच्या काही ट्रायलमध्ये काहीच न दिलेल्या गटातल्याही निम्म्याहून जास्त गायी सुधारल्या, औषधाच्या गटात त्याहून जास्त, पण जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. ताप असेल, वैरण सोडली असेल, डोळे खोल गेले असतील तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

सकाळ-संध्याकाळ ताप मोजा, पहिले दहा दिवस. थर्मामीटर शंभर-दोनशे रुपयांत येतो, तरी दहा गोठ्यांमागे एकात सापडला तर नशीब. सेफ्टिओफर ज्या गटातलं औषध आहे तो गट जागतिक आरोग्य संघटनेने माणसासाठी अति महत्त्वाचा म्हणून राखून ठेवायला सांगितलाय, ते साध्या वासाला वापरून टाकायचं नसतं.

८. पिशवी धुऊन घेतली तर?

पहिल्या दोन आठवड्यांत, ताप असताना, अजिबात नको. भिंत तेव्हा नाजूक असते, फाटू शकते आणि घाण पोटात जाऊ शकते. लुगॉल आयोडीनसारख्या झोंबणाऱ्या द्रावणाने जंतूंसोबत अस्तर आणि आलेल्या न्यूट्रोफिल पेशी पण भाजतात, म्हणजे आपलेच शिपाई आपण मारतो. तीन आठवड्यांनंतर, खात्रीने पू असलेल्या गायीत पिशवीत सोडायचं अँटिबायोटिक (युरोपात सेफापिरिन वापरतात) याचा फायदा दिसलेला आहे. "उलटतेय ना, मग एकदा धुऊन टाकू" हे मात्र कशाच्याही आधाराशिवाय चाललंय.

९. पीजीचं (प्रोस्टाग्लँडिनचं) इंजेक्शन दिलं की पू निघून जातो हे खरं का?

बीजकोषावर सीएल असेल तर खरं. सीएल मोडतो, माज येतो, तोंड उघडतं, इस्ट्रोजेनच्या काळात पिशवीची प्रतिकारशक्तीही वाढते आणि पू बाहेर पडतो. पायोमेट्रावर हेच पहिलं औषध. सीएल नसेल, म्हणजे व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गायींत नसतोच, तर पैसे वाया. आणि गाभण गायीला चुकून दिलं तर गाभ पडतो, त्यामुळे आधी तपासणी, नुसतं मालकाच्या सांगण्यावरून नाही.

१०. पू थांबला, सोट काचेसारखा स्वच्छ, माज २१ दिवसांनी बरोबर, तरी दोनदा उलटली. आता काय राहिलं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा लांब लिहितो.

आजार पिशवीत झाला तरी त्याची झळ बीजकोषाला लागते. ई. कोलायचं एलपीएस पिशवीतून निघून बीजकोषातल्या फॉलिकलच्या (ज्या पाण्याच्या फोडात बीज वाढतं त्याच्या) पाण्यात पोचतं, आजारी गायींच्या फॉलिकलमध्ये ते मोजलेलं आहे. फॉलिकलच्या आत न्यूट्रोफिल वगैरे नसतात, पण तिथल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर तोच टीएलआर-४ असतो, त्या प्रतिसाद देतात आणि इस्ट्रोजेन कमी बनवतात. म्हणून फॉलिकल हळू वाढतं, माज मुका राहतो, बीज उशिरा सुटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आज माजावर सुटणारं बीज आज बनलेलं नसतं, त्याचं फॉलिकल वाढायला दोन-तीन महिने आधी सुरुवात झालेली असते. अमेरिकेतले जॅक ब्रिट यांनी १९९२ मध्ये हा विचार मांडला, की व्यायल्यानंतरच्या ओढाताणीत वाढलेलं बीज दोन-तीन महिन्यांनी सुटतं तेव्हा कमजोर निघतं.

हे नुसतं तर्काने नको म्हणून फ्लोरिडा विद्यापीठात जॉन ब्रोमफील्ड आणि शेल्डन यांच्या गटाने प्रयोग केला, तो २०२० मध्ये छापून आला. दूध न देणाऱ्या २३ होल्स्टीन गायी घेतल्या, म्हणजे दुधाची ओढाताण हा मुद्दाच नको. १२ गायींच्या पिशवीत ई. कोलाय आणि ट्रूपेरेला सोडले, ११ ना नुसतं द्रावण. मग २, २४, ४५ आणि ६० व्या दिवशी सुईने बीज काढून बाहेर फलित केलं. विभाजन सुरू झालेल्या बीजांपैकी पुढच्या म्हणजे मोरुला टप्प्याला पोचले ते चांगल्या गायींत ४५ टक्के आणि जंतू सोडलेल्यांत ३०.७. सगळ्यात मोठा फटका २४ व्या दिवशीच्या बीजांना. चांगली बातमी ही की १३० दिवसांनी त्याच गायी भरवल्या तेव्हा गर्भ व्यवस्थित होते.

म्हणजे तुमच्या गायीला आज औषध देण्यासारखं कदाचित काहीच राहिलेलं नसेल. तिच्यातलं खराब बीज निघून जायला वेळ लागतोय. अर्थात उलटण्याची बाकी कारणं (चुकीच्या वेळी भरवणं, खराब रेतन, खुराक) आधी तपासा, सगळं जुन्या आजारावर ढकलू नका.

११. बाहेरून पू दिसत नाही तर आतली सूज कशी ओळखायची?

परदेशात बारीक ब्रशने अस्तराच्या पेशी घेऊन मायक्रोस्कोपखाली न्यूट्रोफिल मोजतात. २१ ते ३३ दिवसांदरम्यान १८ टक्क्यांच्या वर किंवा ३४ ते ४७ दिवसांदरम्यान १० टक्क्यांच्या वर निघाले तर सबक्लिनिकल. न्यूझीलंडचं मेट्रिचेक म्हणून एक साधन आहे, लांब दांड्याला रबरी वाटी, ती आत फिरवून काढली की वाटीत पू आहे का दिसतं. पण ते दिसणाऱ्या पुवासाठी, लपलेल्या सुजेसाठी नाही.

आपल्याकडे व्हाइट साइड टेस्ट सोपी पडते, माजातला सोट कॉस्टिक सोड्याच्या द्रावणासोबत गरम करतात, पिवळा रंग आला की सूज. स्वस्त आहे, डॉक्टरांना विचारा, बरेच जण करतात. फक्त माजाच्या दिवशी सोट स्वच्छ घ्यायला हवा.

१२. मग आजारी पडलेल्या गायीला कधी भरवू?

निरोगी गायीला साठ दिवसांच्या आसपास भरवतो, तिथे आजारी पडलेलीला एक माज सोडून देणं परवडतं, असं माझं मत. एका फेल रेतनाचा आणि २१ दिवसांचा हिशेब तसाही सारखाच येतो. पण १३० दिवस थांबा असं मी सांगत नाही, तो प्रयोगातला दिवस होता, आणि तेवढं थांबलात तर भाकड काळ वाढतो. अंगावर मांस परत चढायला लागलंय का ते बघा, नुसते दिवस मोजू नका.

१३. यावर लस आहे का?

पिशवीच्या पुवासाठी आपल्या बाजारात भरवशाची लस नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात बिकाल्हो यांच्या गटाने २०१४ मध्ये ई. कोलाय, ट्रूपेरेला आणि फ्युजोबॅक्टेरियम यांची एकत्र लस करून बघितली. कातडीखाली टोचली तेव्हा ताप येणारा मेट्रायटिस कमी झाला, योनीमार्गातून दिली तेव्हा नाही. न्यूट्रोफिल वाढवणारं पेगबोविग्रास्टिम नावाचं इंजेक्शनही तिकडे २०१६ मध्ये मंजूर झालं, पण ते कासदाहासाठी. रक्तात पेशी वाढतात, पिशवीच्या आजारावर निकाल मात्र एकसारखे आले नाहीत. पेशींची संख्या वाढवून भागत नाही, त्या कामही करायला हव्यात.

१४. गाभ सातव्या महिन्यात पडला, वारही अडकली. हाच आजार का?

इथे आधी ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतूंचा आजार) धरून चाला. शेवटच्या तीन महिन्यांत गाभ पडणं आणि वार अडकणं ही त्याची ठरलेली खूण, आणि तो माणसाला होतो. उघड्या हाताने वार, पडलेलं वासरू, पाणी काही उचलू नका, हातमोजे घाला, खोल पुरा, गायीचं रक्त तपासायला द्या, कच्चं दूध बंद. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना एकदा लस मिळते, २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यातून दिली जाते. नर वासरांना आणि गाभण गायींना ती द्यायची नसते.

१५. तापासाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून टोचलं तर चालेल?

नाही. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, गिधाडं मेल्यामुळे. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झालं. मेलॉक्सिकॅम चालतं, तेही डॉक्टरांनी दिलं तर. ताप उतरवून गाय खायला लागते हा फायदा मोठा, पण तापाचं औषध देऊन मग ताप मोजला तर आजार वाढतोय की नाही तेच कळत नाही.

१६. उपचार चालू असताना दूध डेअरीला घालू का?

औषधाच्या लेबलवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे नाही. "इंजेक्शन पिशवीत सोडलंय, दुधात कसं येईल" असं बरेच जण म्हणतात, पण अस्तरातून औषध रक्तात जातं आणि रक्तातून दुधात.

१७. कालवड अजून व्यायलीच नाही, तरी भरवल्यानंतर पू आला. कसं काय?

रेतनाच्या वेळीच जंतू आत गेले. माजात पिशवी जंतू साफ करते, पण प्रोजेस्टेरॉनच्या काळात, म्हणजे दोन माजांच्या मधे, तिची प्रतिकारशक्ती दबलेली असते, आणि तेव्हा आत गेलेले जंतू तिथेच मुक्काम करतात. हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. माज नक्की नसताना "बघू तरी भरवून" म्हणून नळी घालणं इथे महागात पडतं. थोडा पू कधी योनीमार्गातलाच असतो, पिशवी साफ असते, त्यामुळे आधी तपासणी.

१८. म्हशीला पण हेच सगळं?

आजार तोच, जंतूही बरेचसे तेच. पण म्हशीचा माज मुळातच मुका, त्यात आतली सूज असली तर महिने निघून जातात आणि मालक उन्हाळ्यावर खापर फोडतो. व्यायल्यावर दीड महिन्यांनी एकदा तपासून घ्या, माजाची वाट बघत बसू नका.

१९. माज होऊन दोन दिवस झाले, शेपटीला रक्त लागलंय. पिशवी बिघडली का?

नाही, हे वेगळं. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत थोडं ताजं लाल रक्त येणं नॉर्मल आहे, कालवडीत तर फारच दिसतं. वास नाही, पू नाही, गाय खातेय तर काही करू नका. गाभण राहिली किंवा नाही राहिली याच्याशीही त्याचा संबंध नाही. माज तुमच्या नजरेतून सुटला असेल तर मात्र ती तारीख लिहून ठेवा, पुढचा माज साधारण अठरा-वीस दिवसांनी बघायचा.